नाममुद्रा सेवाकार्याची

(बचत गट, शिक्षण आणि अन्नसाहाय्य या क्षेत्रांत काम करणाऱ्या सेवासंस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर एका जाहिरात व्यावसायिकाने रत्नागिरी येथे केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



भुकेविरुद्ध बचत गट आणि शिक्षण यांच्या माध्यमातून काम करणाऱ्या संस्थांना ‘ब्रँडिंग’चे साहाय्य कसे देता येईल, या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. ब्रँडिंग हा बाजारातला शब्द आहे. साबण, टूथपेस्ट, मोटारसायकल विकणाऱ्यांचा तो शब्द. सेवेचा त्याच्याशी काय संबंध? आपल्यावर संस्कारच असा आहे की, काम करावे आणि बाजूला व्हावे. इमारतीच्या पायातला दगड कुणाला दिसत नाही, पण त्याच्यावरच इमारत उभी असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो.

हा संस्कार मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कार्यकर्त्याने अनामिक राहणे वेगळे आणि काम अनोळखी राहणे वेगळे. कार्यकर्ता अनामिक राहिला तर त्याचा अहंकार गळतो, हे चांगलेच आहे. पण काम अनोळखी राहिले, तर त्याची किंमत कार्यकर्त्याला नव्हे, तर ज्यांच्यासाठी ते काम चालले आहे त्यांना मोजावी लागते. त्यांच्या आमसुलांना गिऱ्हाईक मिळत नाही, त्यांच्या गटाला बँकेच्या दारात ताटकळावे लागते, त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीला दाता मिळत नाही.

नावाची किंमत

नावाची किंमत रत्नागिरीकरांना मी सांगावी, असे काहीच नाही. दरवर्षी चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्याच्या बाजारात ज्या पेट्यांवर ‘रत्नागिरी हापूस’ असे छापलेले असते, त्यांतील सगळा आंबा काही या मातीतला नसतो. दुसऱ्या राज्यातून आलेला आंबा आपल्या नावाच्या पेटीत भरला जातो, ही इथल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. कोणीही चोरी करतो ती मौल्यवान वस्तूचीच. तुमचे नाव चोरले जाते, याचा अर्थ त्या नावात काही पिढ्यांची मेहनत साठलेली आहे. म्हणूनच २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसलाच ‘हापूस’ म्हणता येईल, असा त्याचा आशय. नाव ही मालमत्ता आहे आणि तिचे रक्षण करावे लागते, हे कायद्यानेही मान्य केले.

मराठीत ब्रँडसाठी ‘नाममुद्रा’ हा सुंदर शब्द आहे. मुद्रा म्हटले की आपल्याला शिवछत्रपतींची राजमुद्रा आठवते. तत्कालीन राजव्यवहारात फारसीचा पगडा असताना ती संस्कृतात होती आणि तिचा शेवट होतो तो ही मुद्रा कल्याणासाठी विराजते, या आश्वासनाने. पत्रावर मुद्रा उमटली म्हणजे मजकुरामागे राजाचा शब्द उभा राहिला. नाममुद्रेचा अर्थ मी याहून वेगळा करत नाही. नाममुद्रा म्हणजे दिलेला शब्द. रंग, चित्र, अक्षरांचे वळण हे सगळे त्या शब्दाची केवळ खूण आहे.

जून महिन्याचा हिशेब

आता ज्या प्रश्नासाठी आपण एकत्र आलो आहोत, त्या भुकेकडे वळू. भूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळ, भेगाळलेली जमीन, हाडांचे सापळे झालेली माणसे येतात. कोकणातील भूक अशी नाही. इथे पाऊस उदंड पडतो, डोंगर हिरवेगार असतात आणि त्याच हिरवाईच्या आड चूल थंड असते. इथली भूक न दिसणारी आहे, कारण ती स्वाभिमानी आहे.

जून महिन्याचा हिशेब मांडून पाहा. आंब्याच्या बागेतील मजुरी संपलेली असते. पावसाळ्याची बेगमी भरायची असते. भाताचे बियाणे आणि खत घ्यायचे असते, छपराची डागडुजी करायची असते. आणि नेमक्या याच महिन्यात शाळा सुरू होते. वह्या, गणवेश, दप्तर, छत्री! तीन बाजूंनी खर्च येतो आणि हातात पैसा नसतो. अशा वेळी घरातील माऊली प्रथम स्वतःच्या ताटातील घास कमी करते, मग दुकानदाराकडे उधारी करते, मग मोठ्या मुलीला म्हणते, “यंदा राहू दे शाळा.” पुढची लावणी, बेणणी होऊन गणपती येईपर्यंत हे चालते. भूक, कर्ज आणि शिक्षण हे आपण संस्थेच्या अहवालात तीन वेगळ्या विभागांत लिहितो. तिच्या घरात ते एकाच दिवशी, एकाच दाराने आत येतात.

म्हणूनच बचत गट हे भुकेविरुद्धचे शस्त्र ठरते. दहा ते वीस जणींनी ठरावीक दिवशी एकत्र यायचे, ठरलेली बचत टाकायची, त्यातूनच नडलेलीला कर्ज द्यायचे. जूनमध्ये वेळेवर मिळालेले दोन हजार रुपये श्रावणातील उपासमार टाळतात आणि मुलगी शाळेत राहते. सावकाराला दिलेले व्याज घराबाहेर जाते, गटाला दिलेले व्याज गटातच राहते आणि वर्षअखेरीस सर्वांच्या वाट्याला येते. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभरात पाचशे गटांपासून सुरू केला. आज त्याचा वटवृक्ष झालेला आपण पाहतो. आणि योगायोग पाहा, गावोगावच्या शाळांत मुलांसाठी पोषण आहार शिजवणाऱ्या हातांमध्ये बचत गटांतील भगिनींचे हात आहेत. जी स्वतःची चूल पेटती राहावी म्हणून गटात आली, ती आज गावाच्या लेकरांना जेवू घालते आहे.

अन्नपूर्णा: नावातच काम

या विषयावर महाराष्ट्रात एक फार मोठे काम उभे राहिले आणि त्याचे धागे कोकणाशी जुळलेले आहेत. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरी, सातारा भागातून आलेले कामगार कुटुंब गावी ठेवून एकटे राहत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करीत त्या खानावळवाल्या भगिनी. दहा बाय दहाच्या खोलीत, धुरात, पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या राबत. कामगाराचा पगार महिन्याने होणार, म्हणून तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य आणायचे, त्यावर भरमसाट व्याज द्यायचे. दुसऱ्यांना जेवू घालणारी स्वतः मात्र कायम कर्जात.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या महिलांना संघटित करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. सुरुवातीला चौदा महिलांना राष्ट्रीयीकृत बँकेचे प्रत्येकी दीड हजार रुपये कर्ज मिळाले. ज्यांच्याकडे तारण म्हणून ठेवायला काहीही नव्हते, त्यांनी ते फेडून दाखवले. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि डाव्या चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्या. त्यांची आणि आपली वैचारिक वाट वेगळी. पण भुकेल्याला विचारसरणी विचारून कोणी जेवायला बसवत नाही. जे चांगले आहे ते नमस्कार करून घ्यावे, हीच आपली रीत आहे. २००२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. पुढे १९९३ पासून त्यांच्या कन्या डॉ. मेधा पुरव सामंत यांनी पुण्याच्या वस्त्यांमध्ये हे काम ‘अन्नपूर्णा परिवारा’च्या रूपाने वाढवले.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने मला येथे नावाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. त्या महिलांना ‘गरीब खानावळवाल्या’, ‘कर्जबाजारी महिला’ असे काही म्हणता आले असते. ते खरेही होते. परंतु नाव दिले गेले ‘अन्नपूर्णा’. काशीत प्रत्यक्ष शिवाच्या भिक्षापात्रात अन्न वाढणारी ती अन्नपूर्णा. तिच्यापुढे हात पसरायचा असतो, तिने कुणापुढे पसरायचा नसतो. एका शब्दात याचक स्त्री दात्री झाली. पुढे याच परिवारात मुलांच्या शिक्षणाच्या साहाय्याला ‘विद्यापूर्णा’ आणि पाळणाघरांना ‘वात्सल्यपूर्णा’ अशी नावे मिळाली. अन्न, विद्या, वात्सल्य. कोणत्याही घरातील आजीला हे काम समजावून सांगायला माहितीपत्रक लागणार नाही. नावातच काम आहे.

पाच रुपयांचे पारितोषिक

आणखी एक उदाहरण गिरगावातील. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळणार कुठे? कोकणातील भगिनींना ही अडचण वेगळी सांगायला नको. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम थांबले नाही. छगनलाल करमशी पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मालाच्या दर्जात तडजोड करायची नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. देणगी मागायची नाही, हेही ठरलेले होते.

या पापडाला नाव मिळाले ते १९६२ साली. भगिनींमध्येच स्पर्धा घेण्यात आली आणि ज्या भगिनीने ‘लिज्जत’ हे नाव सुचवले, तिला पाच रुपयांचे पारितोषिक मिळाले. आज आमच्या क्षेत्रात नाव सुचवण्यासाठी लाखो रुपये घेतले जातात. पण क्रम लक्षात घ्या. आधी तीन वर्षे पापड चांगला झाला, हिशेब चोख राहिला, मग नाव आले. काम पिकले की नाव लागते. हिरव्या आंब्यावर कितीही सुरेख कागद गुंडाळला, तरी त्याला गोडी येत नाही.

प्रतिष्ठा झाकणारी प्रसिद्धी

बंधू-भगिनींनो, आता मी एका अप्रिय विषयाकडे येतो. भुकेच्या कामाची प्रसिद्धी म्हणजे भुकेल्याचे चित्र, असे समीकरण जगभर रूढ झाले आहे. डोळ्यांत पाणी, हातात रिकामे भांडे आणि खाली बँकेचा खाते क्रमांक. अशा चित्राने पैसा मिळतो, हे मी नाकारत नाही. एका संस्थेने माहितीपत्रकाचा मसुदा माझ्याकडे पाठवला होता. मुखपृष्ठावर अशाच एका भगिनीचे छायाचित्र होते. मी चौकशी केली, तेव्हा कळले की ती गेली कित्येक वर्षे गटाची सचिव आहे आणि तिने एकही हप्ता चुकवलेला नाही. तिच्या वाडीत साठ-सत्तर उंबरे. ते पत्रक वाडीत पोहोचल्यावर तिच्या मुलाने शाळेत कोणत्या तोंडाने जायचे? आम्ही ते छायाचित्र बदलले. गटाची हिशेबवही मांडीवर घेऊन बैठक चालवणारी तीच भगिनी मुखपृष्ठावर आली. माणूस तोच, पण आता तिने ते पत्रक स्वतःच्या हाताने माहेरी नेले.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्राचा आदर्श आपल्यासमोर आहे. खेड तालुक्यातील शेरवलीत जन्मलेले, दापोलीजवळच्या मुरुडमध्ये वाढलेले महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९६ साली त्यांनी पुण्यात ‘अनाथ बालिकाश्रम’ स्थापन केला. त्या काळी समाजाच्या मनाला साद घालायला ते नाव आवश्यक असेल. पण जिथून शिकून बाहेर पडलेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, त्या संस्थेच्या नावात ‘अनाथ’ हा शब्द कायम कसा राहणार? कालांतराने ते नाव मागे पडले आणि ती ‘स्त्री शिक्षण संस्था’ झाली. आज ती महर्षी कर्वे यांच्याच नावाने ओळखली जाते. संस्था वाढली, तसे तिचे नाव मुलींच्या दुःखाकडून त्यांच्या कर्तृत्वाकडे सरकले. आपल्या संस्थांची नावे, घोषवाक्ये, छायाचित्रे याच कसोटीवर तपासून पाहायला हवीत.

पाटी आणि आचरण

दुसरा आदर्श याच रत्नागिरी शहरातला. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना शाळेत इतरांच्या मांडीला मांडी लावून बसता यावे, यासाठी ते झटले. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह सुरू झाले. पाटीवर ‘अखिल हिंदू’ असे लिहिणे सोपे होते. पण आपल्याला भेटायला येणाऱ्याने आधी तिथे जाऊन चहा घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे. पाटीवरचा शब्द रोज, कपाकपाने, पाळला जात होता. पाटी आणि आचरण यांच्यात अंतर नसणे, यालाच आमच्या क्षेत्रात सर्वोत्तम ब्रँडिंग म्हणतात, फक्त ते सांगायला आम्ही फार अवघड शब्द वापरतो.

आणि हे अंतर पडले की काय होते, तेही पाहू. २००६ साली बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तेव्हा ‘मायक्रोफायनान्स’ हा शब्द जगात सोन्यासारखा चमकत होता. चारच वर्षांत, २०१० साली, आंध्र प्रदेशात खासगी कंपन्यांच्या वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. एकाच बाईला चार कंपन्यांनी कर्ज दिले, तिची फेडण्याची ताकद कोणी पाहिली नाही. शब्द तोच होता, त्यामागचा माणूस बदलला होता. आज खेड्यात कुणी दाराशी येऊन “गट करा, कर्ज घ्या” म्हणाला, की बाई मनातून धास्तावते. बचत न करता केवळ कर्जासाठी जमवलेल्या घोळक्यालाही ‘बचत गट’ म्हटले जाते. हापूसच्या पेटीत भलताच आंबा भरण्याचाच हा प्रकार. आपल्या गटांचे नाव शुद्ध राखणे हे म्हणूनच केवळ प्रसिद्धीचे काम नाही, ते त्या भगिनींच्या संरक्षणाचे काम आहे.

काय करता येईल?

शेवटी काही व्यावहारिक सूचना करतो.

पहिली सूचना मालाच्या वेष्टनाबद्दल. एका प्रदर्शनात मी कोकणातील एका गटाचे कोकम आगळ पाहिले होते. आगळ उत्तम, पण जुन्या बाटल्यांत भरलेले, वर नाव नाही, तारीख नाही. एका व्यापाऱ्याने तो सगळा माल घाऊक घेतला. पुढे शहरातील दुकानात तसेच आगळ दुसऱ्या नावाने कितीतरी अधिक दराने विकले जाताना दिसले. त्या चिठ्ठीवर असे काय होते? घटक, वजन, तयार केल्याची तारीख, अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी क्रमांक आणि पत्ता. म्हणजे या मालाची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले होते. आगळ करणाऱ्या भगिनी ती जबाबदारी रोज घेतच होत्या, फक्त लिहीत नव्हत्या. फणसपोळी असो, कुळथाचे पीठ असो, नाचणीचे सत्त्व असो, त्यावर गटाचे नाव आणि गावाचे नाव ठळक असलेच पाहिजे.

दुसरी सूचना हिशेबाबद्दल. दात्यांना पाठवायचे पत्र भावनेने ओथंबलेले नको. किती गट, किती बचत, किती कर्ज, किती परतफेड, किती मुली दहावीपर्यंत टिकल्या, आणि कुठे यश आले नाही, हे एका पानावर स्वच्छ मराठीत मांडावे. ते पान वर्षातून एकदा गटाच्या बैठकीतही मोठ्याने वाचून दाखवावे. जे त्या भगिनींसमोर वाचता येत नाही, ते दात्यांनाही पाठवू नये.

तिसरी सूचना माझ्या व्यवसायबंधूंसाठी आहे. चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रक, लेखक, संगणकावर मांडणी करणारे तरुण या सभागृहातही आहेत. धनदान सर्वांना जमेल असे नाही, पण कौशल्याचे दान तुम्हाला जमेल. वर्षातील आठ दिवस एका संस्थेला द्या. मात्र जाताना चिन्हाचे रेखाटन तयार करून नेऊ नका. आधी गटाच्या बैठकीला जाऊन बसा, त्यांची भाषा ऐका. नाव त्यांनाच सुचवू द्या. पाच रुपयांचे पारितोषिक हवे तर तुम्ही द्या!

पंडित दीनदयाळजींनी ‘अंत्योदय’ हा शब्द आपल्या हाती दिला. रांगेतील शेवटच्या माणसाचा उदय, असा त्याचा अर्थ आपण नेहमी सांगतो. उदय म्हणजे पोट भरणे एवढेच नव्हे. ज्या दिवशी त्या शेवटच्या माणसाचे नाव बाजारात, बँकेत आणि शाळेच्या पटावर सन्मानाने घेतले जाईल, त्या दिवशी तो उदय झाला असे म्हणता येईल. आपल्या संस्थेची नाममुद्रा लोकांच्या लक्षात राहिली नाही तरी चालेल. तिच्या आधाराने त्या भगिनीचे नाव तिच्या मालावर, तिच्या अक्षरात उमटले पाहिजे. येत्या जूनच्या आत प्रत्येक संस्थेने आपल्या किमान एका गटासाठी हे काम पूर्ण करावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

वंदे मातरम्!